वजाबाकीत उरलेला ठिपका

बारकी अडतीस वर्षांची होती, उंचीने भावाच्या वर गेली होती, तरी घरात आणि कामावर ती बारकीच राहिली. नाव दादाने ठेवलं होतं. दादाने एकदा ठरवलेली गोष्ट सहसा हलत नसे. मग ते नाव असो, टेबलाची जागा असो, नाहीतर कुठले स्क्रू कुठल्या डबीत ते असो.

गाद्यांच्या दुकानावरच्या लांबट खोलीत या भावंडांचा व्यवसाय चालायचा. तपासणी केंद्रात स्कॅनचं मोठं गोल यंत्र असतं. माणूस त्यात आडवा सरकतो, यंत्र त्याच्याभोवती फिरतं आणि नुसत्या आकड्यांचा ढीग गोळा करतं. त्या ढिगातून शरीराच्या आतलं चित्र उभं करतो तो शेजारच्या खोलीतला कॉम्प्युटर. तो कॉम्प्युटर हे दोघं बनवायचे. दादा सुटे भाग आणायचा, जोडायचा, पोचवायचा आणि डॉक्टरांशी गोड बोलायचा. आकड्यांचं चित्र करणारा प्रोग्राम बारकीचा होता. आणि खरी मेहनत करायचं ते आत बसवलेलं ग्राफिक्स कार्ड. गेम खेळणाऱ्या पोरांना लागतं तेच, फक्त इथे ते बरगड्या आणि फुप्फुसं काढायचं.

इतकी वर्षं एकाच कार्डावर निभावलं. मग पुरवठादाराचा फोन आला की ते मॉडेल आता बंद, त्याऐवजी दुसरं पाठवतोय, बघून घ्या.

दादाने खोका फोडला आणि आतलं धूड दोन्ही हातांनी बाहेर काढलं. "कार्ड कसलं हे, वीट आहे. भिंतीत लावली तर भिंत उभी राहील."

"जुन्यात मेमरी आठ जीबी, यात चोवीस," बारकी खोक्यावरचं वाचत म्हणाली. "पंखे दोनाचे तीन. वीज जवळजवळ दुप्पट खाणार. आपला पॉवर सप्लाय पुरायचा नाही, दादा. कॅबिनेटही मोठं घ्यावं लागेल."

"खाऊ दे. खाणारा कामाला चोख असतो. माझ्याकडे बघ."

"तू कुठे खातोस हल्ली? बघ जरा आरशात."

दादा खूश झाला. त्याने पोटावर थाप मारली. "परवा पट्ट्याला नवीन भोक पाडलं. तुझी वहिनी रोज चालायला नेते, त्याचा गुण." वजन उतरल्याची बातमी त्याने खालच्या गादीवाल्यालाही दोनदा सांगून झाली होती.

नवीन भाग विकण्याआधी त्यांची एक ठरलेली पद्धत होती. एकच स्कॅन जुन्या कार्डावर चालवायचा, तोच नव्यावर चालवायचा, आणि बारकी एका चित्रातून दुसरं चित्र वजा करायची. दोन्ही सारखी असतील तर वजाबाकीत काही उरत नाही. पडद्यावर एकसारखा राखाडी रंग दिसतो. त्यासाठी लागणारा स्कॅन खुद्द दादाचा होता. तीन वर्षांपूर्वी धंदा सुरू करताना धडधाकट माणसाचे कच्चे आकडे हवे होते, तेव्हा दादाच यंत्रात आडवा झाला होता. "आतून कसा आहे ते तरी कळेल," असं म्हणत. त्या फाइलला दोघं 'दादाची छाती' म्हणायचे. कुठलाही बदल असो, आधी दादाच्या छातीवर. बारकीला त्या बरगड्या घराकडच्या रस्त्यासारख्या पाठ झाल्या होत्या.

पहिली फेरी झकास झाली. जुन्या कार्डाला एक छाती उभी करायला चार मिनिटं लागायची. नव्याने अर्ध्या मिनिटात समोर ठेवली. वजाबाकी राखाडी. दादाने शीळ घातली आणि खाली पॉवर सप्लायवाल्याशी बोलायला गेला.

बारकीचं समाधान झालं नव्हतं. जुन्याची मेमरी तोकडी, म्हणून तिचा प्रोग्राम छातीचे जाड काप करायचा, पाव जाड कापावा तसे. डॉक्टरांना ते चालत होतं, सगळीकडे तेच चालत होतं. पण चोवीस जीबी हाताशी असताना जाड काप कशाला? तिने नव्या कार्डाला पातळ काप करायला सांगितलं. पंख्यांचा आवाज चढला, खोलीत गरम वारा सुटला. चित्र आलं. तिने पुन्हा जुनं त्यातून वजा केलं.

या वेळी फरक दिसणार हे तिला ठाऊक होतंच. रक्तवाहिन्यांच्या कडा धारदार झाल्यामुळे केसाएवढ्या पांढऱ्या रेघा उमटल्या होत्या, सगळीकडे, झाडाच्या फांद्यांसारख्या. पण उजव्या फुप्फुसात, खालच्या बाजूला, एका फांदीला लागून काहीतरी होतं जे रेघ नव्हतं. ठिपका होता. गोल, पांढरा, मोहरीएवढा.

"हे काय आता," ती स्वतःशीच म्हणाली.

तिला पहिला संशय कार्डाचा आला. नवीन माल, कुठेतरी मेमरीचा एखादा कोपरा खराब असेल. तिने मेमरीची तपासणी लावली. कार्ड स्वच्छ निघालं. पुरवठादाराने दोन कार्डं पाठवली होती, तिने दुसरं बसवलं. ठिपका तिथेच. मग तिने डमी काढली. डमी म्हणजे प्लास्टिकच्या छातीचा स्कॅन, जिच्यात कुठे किती जाडीचे मणी पेरलेत ते आधीच माहीत असतं. नव्या कार्डाने सगळे मणी दाखवले, अगदी शेवटचे बारीकसुद्धा. जुन्याने शेवटचे मणी गिळून टाकले होते. ते कार्ड नेहमीच गिळायचं. इतके बारीक दिसत नाहीत, म्हणून आजवर कुणी मनावर घेतलं नव्हतं.

आता एकच गोष्ट राहिली होती. तिने जुन्या कार्डालाच पातळ काप करायला लावले. एका दमात ते झेपणारं नव्हतं, म्हणून छातीचे तुकडे पाडून एकेक तुकडा भरवत बसली. दुपार त्यात गेली. जेवणाचा डबा उघडायचा राहिला. खालून गाद्यांच्या कापसाचा वास येत होता आणि रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेताना ओरडत होतं. शेवटचा तुकडा जागेवर बसला तेव्हा तिने डोळे आधी कडेला नेले, बरगड्यांवर, मग मणक्यावर. मग खाली उजवीकडे आणले.

ठिपका होता. तसाच.

म्हणजे दोन्ही कार्डं खरं बोलत होती. एकाला फक्त कमी दिसत होतं.

जिन्यावर दादाची पावलं वाजली. हल्ली तो मधल्या वळणावर थांबायचा. आजही थांबला. बारकीने पडद्यावरचं चित्र बंद करायला माउस हलवला, पण हात तिथेच राहिला.

"झालं का तुझं? पॉवर सप्लायचं जमलं." दादा तिच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला आणि पडद्याकडे बघून हरखला. "अरे वा! काय सुरेख दिसतंय. मीच का हा?"

"तूच."

"बघ, शीर न् शीर मोजून घ्या म्हणतंय." तो पुढे वाकला. "पण स्क्रीन पुसत जा गं जरा." खिशातून रुमाल काढून त्याने ठिपक्यावर फिरवला. एकदा. मग बोट रुमालात गुंडाळून नखाने खरवडल्यासारखं पुन्हा फिरवला.

ठिपका गेला नाही. दादाचा रुमाल तिथेच थांबला.

"दादा, खुर्ची घे," बारकी म्हणाली.

त्याने खुर्ची घेतली नाही. ती सांगत होती ते त्याने उभ्यानेच ऐकलं: दुसरं कार्ड, डमी, जुन्या कार्डावरची दुपारभराची खटपट. ऐकताना तो रुमालाची घडी घालत होता, मोडत होता, पुन्हा घालत होता.

"कार्ड परत पाठव," शेवटी तो म्हणाला.

"दादा, जुन्यावर पण..."

"तुकडे जोडताना काहीतरी झालं असेल. तूच म्हणतेस ना, जोडावर गडबड होते? झाली असेल. या नव्याचं मला आधीच काही खरं वाटत नव्हतं. इतकं तापतं म्हणजे काय! जुनंच बरं. जुन्यात मी ठणठणीत आहे."

"जुन्यात तू दिसत नाहीस. एवढंच आहे ते."

"बारके!" दादा तिच्यावर कधी आवाज चढवत नसे. आता चढला, आणि त्याचं त्यालाच नवल वाटल्यासारखा तो मागे सरकला. मग वीट उचलून त्याने खोक्यात घातली, थर्माकोल उलटा बसवला, झाकण बसेना म्हणून तळहाताने दाबत राहिला.

दुसरं कार्ड बारकीच्या मशीनमध्येच होतं. ते त्याने मागितलं नाही.

तिने आधी डॉक्टरीणबाईंना फोन केला. शहरातल्या मोठ्या तपासणी केंद्रात त्या स्कॅन वाचायच्या आणि तिथला कॉम्प्युटर या दोघांनीच बसवला होता. बारकीने नाव झाकून चित्र पाठवलं. फोन कानाला धरून त्या बघत होत्या, ते तिला श्वासावरून कळत होतं.

"हे कधीचं आहे?"

"तीन वर्षांपूर्वीचं, मॅडम."

पलीकडे माउसच्या टिचक्या ऐकू आल्या. मग, "पेशंट धूम्रपान करतो?"

"कधीच नाही."

"वजन वगैरे?"

बारकीला पट्ट्याचं भोक आठवलं. ते तिने सांगितलं.

"तुमच्या ओळखीचं कुणी आहे का?" बाईंनी हळू विचारलं. "घेऊन या. लांबवू नका."

दादा आपल्या एकटीचं ऐकणार नाही हे ती जाणून होती. वहिनी शिकवायच्या त्या शाळेत ती गेली. मधली सुट्टी होती. व्हरांड्यात पोरांचा कल्ला चालला होता आणि वहिनी एका मुलीच्या गुडघ्यावर पट्टी बांधत होत्या. बारकीला अशा वेळी दारात बघून त्यांनी पट्टीची गाठ मारली, मुलीला पाठवलं आणि म्हणाल्या, "यांना काही झालं का?"

"झालं नाही. म्हणजे... असू शकतं."

वहिनींनी सगळं ऐकून घेतलं. रडल्या नाहीत. एकच विचारलं, "त्यांना माहीत आहे?"

"माहीत आहे. मानत नाही."

"मानणार कसे? चार दिवसांपूर्वी नवीन पँट शिवायला टाकली, कंबर कमी करून." त्यांनी हात धुतले, पर्स घेतली. "मी बघते."

काय बघितलं ते बारकीला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दादा इस्त्रीचा शर्ट घालून तपासणी केंद्रात हजर होता, तोंड पाडून, वहिनींच्या मागे. तिथल्या लोकांशी त्याची रोजची ओळख. "आज माल घेऊन नाही, आज मीच माल," असं त्याने काउंटरवर म्हणून बघितलं. कुणी हसलं नाही. वहिनींकडे बघून कुणाला हसवेना.

रिपोर्ट आला. केंद्रातल्या कॉम्प्युटरमध्ये जुनंच कार्ड होतं, आणि बारकीच्याच प्रोग्रामने जाड काप केले होते. डॉक्टरीणबाईंनी चित्र मागे-पुढे करून पाहिलं. रक्तवाहिनीच्या आडोशाला काहीतरी फुगीर दिसत होतं. ती वाहिनीची सावली असावी, काही महिन्यांनी पुन्हा बघावं, असं जे दिसलं तेच त्यांनी लिहिलं. मग त्या बारकीला म्हणाल्या, "मला यावर यापेक्षा जास्त सांगता येत नाही. आकडे तुमच्याकडे नेऊन बघा. आज."

दादाने तेवढं ऐकलंच नाही. त्याच्या चेहऱ्यावर रंग परतला होता. "सावली! सावलीला घाबरून शर्टाला इस्त्री केली मी." त्याने जिना उतरताना वहिनींच्या खांद्यावर हात ठेवला. "पाहिलंस ना? नव्याच्या नादाला लागलं की असं होतं."

बारकी कच्चे आकडे डिस्कवर घेऊन आली होती. वरच्या खोलीत शिरताच तिने डिस्क लावली. दादा मागून आला, वहिनी आल्या. दादा म्हणाला, "आता कशाला ते?" पण खोलीबाहेर गेला नाही.

पंखे फिरायला लागले. पातळ कापांचं दोन मिनिटांचं काम. ती दोन मिनिटं वहिनी टेबलावरच्या डबीतले स्क्रू बघत उभ्या होत्या, जणू ते त्यांना मोजायला सांगितले होते.

चित्र आलं. पातळ कापांमध्ये रक्तवाहिनी एकीकडे झाली आणि ती दुसरी गोष्ट दुसरीकडे. सावली नव्हती. मोहरीचा आता वाटाणा झाला होता, आणि त्याची कड गुळगुळीत राहिली नव्हती. बारीक काटे फुटल्यासारखी होती. बारकीने तीन वर्षांपूर्वीचं चित्र शेजारी लावलं. कुणाला काही समजावून सांगायची गरज उरली नाही.

दादा खुर्चीत बसला. पहिल्यांदाच तो त्या खोलीत रिकाम्या हाताने बसलेला बारकी बघत होती.

"इतकी वर्षं आत होतं," तो म्हणाला. "मी जिने चढत होतो, आणि ते आत होतं. आणि रोज तू त्याच फाइलवर..."

"दिसत नव्हतं रे दादा."

"माहीत आहे." त्याने तिच्याकडे पाहिलं. "तुला बोललो परवा. ते मनावर घेऊ नकोस."

वहिनींनी डबीचं झाकण लावलं. "उठा," त्या म्हणाल्या. "चित्र घ्या सोबत. बाई अजून केंद्रातच असतील."

पुढचं सगळं भराभर झालं आणि तरी संपता संपेना. सुई घालून तुकडा काढला, त्यात नको तेच निघालं. मग शस्त्रक्रिया झाली, उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग काढला. सर्जन समाधानी होता, पण जवळच्या एका लसिकाग्रंथीपर्यंत ते पोचलं होतं, म्हणून औषधं सुरू राहिली. 'बरे झालात' हे शब्द कुणी वापरले नाहीत. दादाने एकदा विचारून पाहिलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "आपण बघत राहू." दादाने पुन्हा विचारलं नाही.

शस्त्रक्रियेनंतर तो कामावर आला तेव्हा अर्ध्या जिन्यात वहिनींनी त्याच्यासाठी स्टूल ठेवलं होतं. तो त्यावर बसला, मग वर आला, आणि आल्या आल्या त्याने विचारलं, "आपली जुनी कार्डं किती ठिकाणी आहेत गं?"

बारकीने सांगितलं. ती संख्या तिने कितीतरी वेळा मनात मोजली होती.

"आणि त्यातून किती माणसं गेली असतील?"

"ते कसं सांगणार."

"बदलायला घेऊ सगळीकडची. ते झालं पुढचं. पण मागचं काय?" तो पडद्याकडे बघत होता, पडदा बंद होता. "कच्चे आकडे ठेवतात का कुणी?"

बहुतेक कुणी ठेवत नसे. फार जागा खातात, चित्र झालं की पुसून टाकतात. फक्त डॉक्टरीणबाईंच्या केंद्रात गेल्या वर्षभराचे छातीचे स्कॅन एका कपाटात डिस्कवर पडून होते, कुणी पुसायला वेळ काढला नव्हता म्हणून. दादाने बाईंशी बोलणं केलं. केंद्राची परवानगी आली, नावं काढून टाकलेली, प्रत्येक फाइलला नुसता एक क्रमांक. खोकाभर डिस्क दादाने स्वतः आणल्या; जिन्यावरून वर गादीवाल्याने आणून दिल्या.

दोघं बसायचे. बारकी फाइल लावायची, पंखे चढायचे, नवीन चित्रातून जुनं वजा व्हायचं, दादा बघायचा. केसाएवढ्या रेघा, फांद्या, राखाडी. पुढची. फांद्या, राखाडी. पुढची. सुरुवातीला प्रत्येक चित्रानंतर दादा 'सुटला' म्हणायचा, बाई असेल तर 'सुटली'. नंतर ते म्हणणं बंद झालं. खोली दिवसभर उबदार राहायची. वहिनी शाळेतून येऊन खिडकी उघडायच्या आणि शेजारी बसायच्या.

त्या दिवशी दुपारचं ऊन टेबलावर आलं होतं, पडदा नीट दिसत नव्हता म्हणून बारकीने पुठ्ठा आडवा धरला होता. चित्र उमटलं. डावं फुप्फुस, वरची बाजू.

बारकीने काप पुढे सरकवला, मागे आणला. ती वाहिनी नव्हती.

"क्रमांक सांग," दादा म्हणाला. त्याने फोन आधीच हातात घेतला होता.

डॉक्टरीणबाईंनी क्रमांक उतरवून घेतला आणि त्यांच्याकडच्या नोंदीत नाव शोधलं. नाव त्यांनी सांगितलं नाही, सांगायचं नव्हतंच. एवढंच म्हणाल्या की पेशंट बाई आहे, वय फार नाही. साध्या खोकल्यासाठी आली होती, काही नाही म्हणून घरी पाठवली होती. "मी बोलावून घेते," त्या म्हणाल्या. मग, "मी काय सांगू हो तिला? वर्षापूर्वी मीच काही नाही म्हणाले होते."

"जे आहे ते सांगा," दादा म्हणाला. "आणि ती हो म्हणत असेल तर मी येऊन बसतो बाहेर. मलाही तेच सांगितलं होतं म्हणावं. सावली आहे म्हणून."

बाईंनी दिवस कळवते म्हणून फोन ठेवला. छातीच्या उजव्या बाजूला टाके ओढत असले की दादा तिथे तळहात टेकवायचा, आता टेकवला.

"खोक्यात अजून किती आहेत?" त्याने विचारलं.

"अर्ध्याहून जास्त."

"लाव पुढची."

बारकीने पुठ्ठा नीट टेकवून उभा केला आणि पुढची फाइल लावली. तिन्ही पंखे फिरायला लागले.